सूर्याच्या वर्णपटात हवी ती काळी रेषा सापडत नाही तेव्हा

घरी केलेल्या वर्णपटदर्शकातून सूर्यप्रकाश बघणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "सप्तरंग झकास दिसतात, पण काळ्या रेषा दिसत नाहीत." या रेषा म्हणजे मुख्यतः सूर्यातल्या वायूंनी शोषून घेतलेल्या रंगांच्या रिकाम्या जागा. जरा खोदून विचारलं की तक्रारीमागून वेगवेगळी दुखणी निघतात. कुणाला एकही रेषा दिसत नसते. कुणाला दिसतात, पण भलत्याच दिशेने धावणाऱ्या. कुणाची सोडियमची जोडी काही केल्या फुटत नाही. कुणाच्या मोबाइलच्या फोटोत नको तिथे काळे पट्टे उमटतात. आणि आपल्याकडे विजयदुर्गामुळे (त्या किल्ल्याचं नाव हेलियमच्या शोधाशी जोडलं जातं) आणखी एक खास तक्रार असते, ती म्हणजे हेलियमची रेषा सापडत नाही. या सगळ्यांवर लोक पहिला उपाय मात्र एकच करतात, नवीन ग्रेटिंग, म्हणजे उजेडाचे रंग फाकवणारा बारीक खाचांचा तुकडा, मागवतात. ग्रेटिंग क्वचितच दोषी असतं. आधी उजेड आत येतो ती फट तपासा, मग प्रकाश तपासा, आणि मग आपण शोधतोय ती रेषा तिथे असायला हवी का, हे तपासा.

त्याआधी एक गोष्ट. वर्णपटदर्शक थेट सूर्यावर रोखून आत डोळा लावायचा नाही, फट कितीही बारीक असली तरी नाही. दुर्बीण किंवा बायनॉक्युलर मध्ये घालून तर मुळीच नाही. सूर्यापासून दूरचं निळं आकाश किंवा उजळ पांढरा ढग पुरेसा असतो. आकाशाचा उजेड हा विखुरलेला सूर्यप्रकाशच असल्याने काळ्या रेषा त्यात जशाच्या तशा असतात. पौर्णिमेच्या चंद्रप्रकाशातही त्या असतात, फक्त उजेड कमी पडतो.

रेषा अजिबातच दिसत नाहीत

दहातल्या आठ-नऊ वेळा कारण एकच असतं, फट रुंद आहे. नुसतं "फट बारीक करा" म्हणून भागत नाही, म्हणून किती बारीक ते मोजूनच बघू.

फटीची रुंदी भागिले फटीपासून ग्रेटिंगपर्यंतचं अंतर, आणि त्याला ग्रेटिंगच्या दोन खाचांमधल्या अंतराने गुणायचं. उजेड ग्रेटिंगवर सरळ पडत असेल तर हा आकडा म्हणजे तुमच्या वर्णपटातला धूसरपणा. डीव्हीडीच्या दोन खाचांमध्ये ७४० नॅनोमीटर अंतर असतं, सीडीच्या १६०० आणि शाळेच्या प्रयोगासाठी मिळणाऱ्या, मिलिमीटरला ५०० रेघांच्या फिल्मचं २०००. आता नेहमीचा बुटाचा खोका घ्या. कटरने कापलेली अर्ध्या मिलिमीटरची फट, पंधरा सेंटिमीटरवर डीव्हीडीचा तुकडा. ०.५ भागिले १५०, गुणिले ७४०: जवळजवळ अडीच नॅनोमीटर. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे एकमेकींपासून ०.६ नॅनोमीटरवर आहेत. अडीच नॅनोमीटरच्या धुक्यात त्या फुटणं तर सोडाच, दिसणंही अवघड.

दिसणं का अवघड, तेही आकड्यांतच कळतं. या दोन रेषा सूर्यप्रकाशातून जेवढा उजेड खातात, तो मिळून साधारण ०.१३ नॅनोमीटर रुंदीच्या पूर्ण काळ्या पट्टीएवढा असतो. हाच काळेपणा अडीच नॅनोमीटरवर पसरला तर तिथला उजेड जेमतेम पाच टक्क्यांनी उतरतो. झगझगीत पिवळ्या रंगात पाच टक्क्यांची घट नवख्या डोळ्याला कळत नाही. फट ०.१ मिलिमीटर करा आणि खोका तीस सेंटिमीटर लांब घ्या. धूसरपणा पाव नॅनोमीटरवर येतो. मग दोघींतली जाड रेषा एकटीच तीस टक्के उजेड खाते आणि स्पष्ट काळी दिसते. डीव्हीडीचा तुकडा तोच, फट आणि अंतर तेवढं बदललं.

०.१ मिलिमीटर मोजायला यंत्र लागत नाही. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो. दाढीचं ब्लेड लांबीतून दोन तुकडे करा (कागदात गुंडाळून मोडा, बोटं सांभाळा). दोन्ही धारा समोरासमोर ठेवा, मध्ये कागदाची पट्टी उभी धरून धारा तिला टेकवा, ब्लेड चिकटपट्टीने पक्की करा आणि मग कागद ओढून काढा. कात्रीने कापलेल्या पुठ्ठ्याची फट मुळीच चालत नाही, कारण तिच्या कडेचे तंतूच फटीपेक्षा जाड असतात. ब्लेडच्या धारा समांतर आहेत का, ते फट उजेडासमोर धरून बघा. एका टोकाला जास्त उजेड आला तर तिथे ती रुंद आहे. अशा पाचरीसारख्या फटीतून रेषा एका टोकाला रेखीव आणि दुसऱ्या टोकाला विरघळलेल्या दिसतात.

फट बारीक केली की वर्णपट अंधारतो आणि माणूस घाबरून ती पुन्हा मोठी करतो. मोठी करू नका. खोक्यात कुठून उजेड शिरतोय ते शोधा, कोपरे काळ्या टेपने बंद करा, आतून काळा कागद लावा, डोळ्याभोवती कापड धरा. डोळा अंधाराला दोन-तीन मिनिटांत बराच सरावतो.

पहिली रेषा म्हणून सोडियमच्या मागे लागणंही चुकीचं वाटतं मला. पुस्तकांत पिवळी जोडी प्रसिद्ध आहे म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यापेक्षा निळा आणि हिरवा जिथे भेटतात तिथे, ४८६.१ नॅनोमीटरला हायड्रोजनची एफ रेषा शोधा. ती जाड आहे आणि आजूबाजूला फारशी गर्दी नाही. मग हिरव्यात ५१७ च्या आसपास मॅग्नेशियमच्या तीन रेषा येतात: ५१६.७, ५१७.३ आणि ५१८.४. सुरुवातीला त्यांचा एकच गडद ठसा दिसेल, तोही चालेल. या दोन जागा सापडल्या की उपकरण ठीक आहे. त्यानंतर पिवळ्याकडे वळा.

रेषा दिसतात, पण आडव्या

फट उभी असेल तर रंग आडवे पसरतात आणि शोषणरेषा, म्हणजे याच काळ्या रेषा, फटीला समांतर, म्हणजे उभ्या असतात. लाल ते जांभळा अशा सगळ्या रंगांतून सलग धावणारी काळी रेघ म्हणजे फटीवर बसलेला धुळीचा कण. खात्री करायची असेल तर जुना तारेचा पिवळा बल्ब लावून बघा. त्याच्या वर्णपटात शोषणरेषा नसतात, त्यामुळे त्यात जे काळं उरेल ते तुमच्या फटीचं. मऊ ब्रशने धार साफ करा, फुंकर मारू नका, थुंकीचे कण चिकटतात. महागडी उपकरणंही यातून सुटत नाहीत. ख्रिस्तियाँ ब्यूईल यांच्या सोल-एक्स या हौशींसाठीच्या उपकरणात फट अवघी १० मायक्रोमीटर असते, आणि तिच्यावरच्या धुळीमुळे सूर्याच्या चित्रात उमटणाऱ्या रेघा काढण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय ठेवावी लागते.

रेषा उभ्या असूनही तिरक्या दिसत असतील तर डीव्हीडीच्या खाचा फटीला समांतर नाहीत. तुकडा थोडा थोडा फिरवत रेषा सरळ करा. तुकडा नेहमी चकतीच्या बाहेरच्या कडेचा घ्या, तिथे खाचांची वक्रता सर्वांत कमी असते, आणि त्यावर चार-पाच मिलिमीटरचं भोक असलेला काळा कागद लावून बाकीचा भाग झाकून टाका. डीव्हीडी कडेतून ब्लेड घालून उकलली की दोन थर सुटे होतात. पारदर्शक थरावर जांभळट रंग राहिला असेल तर तो स्पिरिटने धुवून घ्या.

सोडियमची जोडी एकच दिसते

फटीचं गणित जमलं आणि तरी जोडी फुटत नसेल तरच ग्रेटिंगकडे बघा. आपला डोळा फार तर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखतो. डीव्हीडी ही जोडी त्याच्या साडेचार पट अंतरावर फेकते, म्हणजे भरपूर. सीडी जेमतेम दीडपट फेकते आणि ५०० रेघांची फिल्म अगदी मर्यादेवर आणून सोडते. त्यामुळे सीडीने नुसत्या डोळ्याला जोडी फुटली नाही तर त्यात नवल नाही. ब्लू-रेच्या खाचा आणखी जवळ म्हणून ती जास्त चांगली, असं वाटून काही जण ती फोडतात. तिच्या खाचांमधलं अंतर ३२० नॅनोमीटर. सरळ पडणाऱ्या उजेडात ३२० पेक्षा लांब तरंगलांबीचा वर्णपट तिच्यातून पडूच शकत नाही, आणि आपल्याला दिसणारा सगळा उजेड त्याहून लांब तरंगलांबीचा आहे.

ग्रेटिंगचा तुकडा मोठा हवा, हाही असाच समज. ही जोडी फोडायला साधारण हजार खाचा उजेडात आल्या तरी पुरतात. डीव्हीडीवर हजार खाचा पाऊण मिलिमीटरमध्ये मावतात. तुमच्या डोळ्याची बाहुलीच त्याहून मोठी आहे.

ही रेषा नक्की कोणती?

बारीक रेषा दिसायला लागल्या की ओळख पटवण्याचं काम येतं, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. रंगावरून जागा ठरवू नका. "पिवळा" म्हणून आपण जे बघतो ते मोठं क्षेत्र आहे. खुणेसाठी ओळखीच्या उजळ रेषा हव्यात, आणि त्या घरातच मिळतात.

जुना सीएफएल दिवा असेल तर फेकू नका. त्यात पाऱ्याची निळी रेषा ४३५.८ ला, हिरवी ५४६.१ ला. हिरव्या रेषेच्या अलीकडे, ५४२ च्या आसपास, आतल्या पावडरमधल्या टर्बियमची आणखी एक रेषा असते. या दोन हिरव्या रेषा वेगळ्या दिसत नसतील तर सूर्याकडे वळण्यात अर्थ नाही, आधी फट सुधारा. एलईडीत अशा रेषा नसतात, त्यामुळे तो खुणेसाठी कुचकामी.

पिवळ्या-तांबड्या भागासाठी आणखी चांगली सोय म्हणजे स्विचबोर्डावरचा केशरी इंडिकेटर. जुन्या बोर्डांवर तो निऑनचा असतो (नव्यांवर बरेचदा एलईडी असतो, वर्णपटात लगेच कळतं). निऑनच्या रेषा सुईसारख्या बारीक: ५८५.२, ५८८.२, ५९४.५, ६४०.२. खोली अंधारी करून फट इंडिकेटरच्या अगदी जवळ धरा. बोर्ड उघडू नका, बाहेरून दिसतो तेवढा उजेड पुरतो. सोडियमसाठी गॅसच्या निळ्या ज्योतीत ओल्या चमच्याच्या टोकावरचं चिमूटभर मीठ धरा. ज्या जागी उजळ पिवळी जोडी येईल, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात काळी जोडी असते.

फोटोवर मोजणार असाल तर दोन खुणांवर सरळ रेषा टाकून भागवू नका. मोठ्या कोनात पिक्सेल आणि तरंगलांबीचं नातं सरळ राहत नाही, आणि डीव्हीडीत ५८९ नॅनोमीटरचा उजेड ५३ अंशांना वळतो. वर्णपटभर पसरलेल्या निदान तीन-चार खुणा घ्या आणि वर्गसमीकरण बसवा. सगळ्याच रेषा सारख्याच, ०.१५ नॅनोमीटरच्या आसपास सरकलेल्या येत असतील, तर तुमच्याकडचा तक्ता निर्वात पोकळीतल्या तरंगलांबींचा असण्याची शक्यता आहे. हायड्रोजनची लाल एच-अल्फा रेषा हवेत ६५६.२८, पोकळीत ६५६.४६.

संध्याकाळी नव्या रेषा उगवतात

त्या सूर्याच्या नाहीत. लाल टोकाला ६८७ पासून सुरू होणारा बी पट्टा आणि ७५९ पासूनचा ए पट्टा आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचे. सोडियमच्या जोडीच्या लाल बाजूला पाण्याच्या वाफेच्या बारीक रेषांचा घोळका असतो. दमट हवेत, कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला तर तो चांगलाच गडद होतो. एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी या पट्ट्यावरून पावसाचा अंदाज बांधता येईल म्हणून त्याचा बराच पुरस्कार केला होता.

वेगळं करण्याची रीत साधी आहे. दुपारी बघा आणि सूर्य मावळतीला आला की पुन्हा बघा, दोन्ही वेळा सूर्याच्या बाजूच्या आकाशाकडे, अर्थात त्याच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असताना त्याचा उजेड डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, दहा अंशांवर साडेपाच पटींहून जास्त. हवेच्या रेषा त्या प्रमाणात ठळक होतात. हायड्रोजन, मॅग्नेशियम, लोखंड आहेत तसेच राहतात.

जांभळ्यातल्या एच आणि के रेषा

३९६.८ आणि ३९३.४ नॅनोमीटरच्या या कॅल्शियमच्या रेषा दृश्य वर्णपटातल्या सर्वांत रुंद, तरी बहुतेकांना दिसत नाहीत. एक तर तिथे डोळा फारच मंद असतो, वय वाढलं की भिंग पिवळट होऊन आणखी मंद होतो. तरुण मुलांना दाखवा, ती पटकन सांगतात. दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. बरेच जण उन्हातल्या पांढऱ्याशुभ्र कागदावरून परतलेला उजेड वापरतात. त्या कागदात शुभ्रता वाढवणारं रसायन असतं. ते ४०० च्या आतला उजेड गिळतं आणि ४४० च्या आसपास निळा उजेड बाहेर टाकतं. साबणाने धुतलेल्या पांढऱ्या कपड्याचंही तेच. म्हणजे जिथे रेषा शोधायच्या तिथला उजेडच गायब. कागद बाजूला ठेवा आणि दुपारचं स्वच्छ निळं आकाश घ्या, त्यात जांभळा भाग भरपूर असतो.

मोबाइलच्या फोटोतले पट्टे

५८० च्या आसपास आणि ४९० ते ५०० मध्ये रुंद, पसरट, अंधारे पट्टे दिसले तर ते कॅमेऱ्याच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांचे सांधे आहेत. तारेच्या बल्बच्या फोटोतही ते तिथेच येतात. प्रो मोडमध्ये जा, आयएसओ १०० च्या आसपास, एक्स्पोजर कमी, एचडीआर बंद. आणि फोकस अनंतावर ठेवू नका. मध्ये भिंग नसेल तर कॅमेऱ्याने जवळच बघायला हवं.

हेलियमची रेषा

हेलियमची डी-३ रेषा ५८७.५६ नॅनोमीटरला आहे. निऑनच्या ५८५.२ आणि ५८८.२ या दोन खुणांच्या मधोमध नाही, तर दुसरीच्या जवळ. जागा एवढी नेमकी ठाऊक असून, उत्तम उपकरणातून बघूनही तिथे काही दिसत नाही, तेव्हा लोक हताश होतात. पण तिथे काही दिसायला नकोच.

काळी रेषा उमटायची तर त्या वायूचे अणू योग्य ऊर्जापातळीवर तयार उभे हवेत. ही रेषा शोषण्यासाठी हेलियमचा अणू आधीच जवळजवळ २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर चढलेला लागतो. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५८०० केल्विन. त्या तापमानात तेवढ्या उंचीवर पोचलेले अणू नगण्य असतात. सोडियम याच्या नेमका उलट. त्याच्या रेषा सर्वांत खालच्या पातळीवरून शोषल्या जातात, म्हणून अत्यल्प सोडियम एवढी ठसठशीत जोडी उमटवतो आणि सूर्यात दुसऱ्या क्रमांकावर असलेला हेलियम गप्प बसतो. हेलियम चेततो तो वरच्या क्रोमोस्फिअरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरच्या वायूच्या पातळ थरामध्ये, आणि सूर्यज्वालांमध्ये, आणि बिंबाच्या कडेबाहेर तिथली रेषा उजळ दिसते.

ती सापडलीही तशीच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आणि जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल यांनी सूर्यज्वालांच्या उजळ रेषा पाहिल्या. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी भारतात नव्हते. त्यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवर फट ठेवून त्या रेषा पाहिल्या, आणि पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही हा धागा धरून पुढे हेलियमचं नाव आलं. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला गेले होते. विजयदुर्ग किल्ल्यातले साहेबाचे कट्टे (लॉकियर यांच्या निरीक्षणाची जागा म्हणून ओळखले जाणारे चौथरे) पाहून अनेकांना वाटतं की तिथे सूर्याकडे वर्णपटदर्शक धरला की पिवळ्या रंगातली ती काळी रेषा दिसते. जागेचं मोल मोठंच आहे, पण खोक्यातल्या डीव्हीडीने सूर्यबिंबावर ती रेषा विजयदुर्गातही दिसणार नाही.

डी-३ बघायचीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा पाडून तिची कड बारीक फटीवर आणणारं उपकरण. सोल-एक्ससारख्या उपकरणाने हौशी लोक डी-३ मध्ये सूर्यज्वालांची चित्रं घेतात. दुसरी वाट खग्रास ग्रहणाची, आणि तिला फटसुद्धा लागत नाही. खग्रास स्थिती सुरू होताना आणि संपताना काही सेकंद क्रोमोस्फिअरची बारीक कोर तेवढी उरते, ती कोरच फटीचं काम करते. कॅमेऱ्याच्या टेलिफोटो लेन्ससमोर पारदर्शक ग्रेटिंग लावलं की प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी रंगीत कोर उमटते: लाल हायड्रोजनची, आणि पिवळी हेलियमची. खग्रास स्थितीबाहेर मात्र लेन्ससमोर सूर्यफिल्टर हवाच. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास ग्रहण इजिप्तमध्ये लक्सरजवळून जातं आणि तिथे सहा मिनिटांहून जास्त टिकतं. भारतातून ते खंडग्रासच दिसेल. आपल्याकडे खग्रास येईल ते २० मार्च २०३४ ला, लडाख-काश्मीरच्या पट्ट्यात. जाणार असाल तर ग्रेटिंगची दिशा आणि फोकस घरीच ठरवून घ्या. एखादी चमकती सुई किंवा पॉलिश केलेली तार वाकवून कोरीच्या आकाराची करा, दूर ठेवून तिच्यावर सीएफएलचा उजेड पाडा, आणि पाऱ्याच्या निळ्या-हिरव्या कोरी रेखीव येईपर्यंत लेन्स जुळवा. मग फोकस रिंगवर टेप मारा. जागेवर पोचल्यावर रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर तो एकदा पडताळून बघा.